फुप्फुसांचा विभाग सक्तीचाच हवा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये एमबीबीएसच्या महाविद्यालयांसाठी नवी नियमावली काढली. अनिवार्य विभागांच्या तिच्यातल्या यादीत श्वसनरोगशास्त्र नाही. २०२०च्या नियमांत हा विभाग होता. नव्या यादीत त्वचारोग आहे, मनोविकार आहे, दंतरोगसुद्धा आहे. फुप्फुसांचं नाव मात्र गळलं आहे. म्हणजे छातीरोगाचा स्वतंत्र विभाग नसला तरी महाविद्यालय उभं राहू शकतं आणि तिथून दरवर्षी शंभर-दीडशे डॉक्टर बाहेर पडू शकतात.

छातीरोगतज्ज्ञांनी या बदलावर आक्षेप घेतले. आमच्याच व्यवसायातल्या अनेक जाणत्या मंडळींना मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. ही मंडळी बेजबाबदार नाहीत. त्यांत मेडिसिन शिकवण्यात हयात घालवलेले ज्येष्ठ आहेत, शिक्षकांच्या टंचाईने मेटाकुटीला आलेले अधिष्ठाते आहेत. त्यांचं म्हणणं पाच मुद्द्यांत सांगता येतं. छातीचे आजार मेडिसिनमध्ये शिकवले जातातच. क्षयासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. सीटी आणि संगणकाच्या जमान्यात निदान यंत्रच करतं. अवघड रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवता येतो. आणि शेवटचं म्हणजे, या विषयाला शिक्षकच मिळत नाहीत. मी छातीरोग शिकवतो, तेव्हा मी माझ्या विभागाची बाजू घेणार हे वाचकाने धरूनच चालावं आणि मग एकेक मुद्दा पुराव्यावर तोलावा. माझ्या मते पहिले चार मुद्दे टिकत नाहीत. पाचवा खरा आहे, पण त्यावर शोधलेला उपाय दुखण्याहून भारी आहे.

आधी आजाराचा आवाका पाहू. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे, म्हणजे श्वासवाट कायमची अरुंद करणाऱ्या आजाराचे, सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींच्या वर रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के. पण दीर्घकालीन श्वसनरोगांमुळे जगात निरोगी आयुष्याची जेवढी वर्षं वाया जातात, त्यांत आपला वाटा ३२ टक्के. त्या वर्षी देशातल्या मृत्यूंच्या कारणांत हृदयविकारापाठोपाठ सीओपीडीचा क्रमांक होता. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडे आहे, तो वेगळाच. न्यूमोनिया, फुप्फुसांचा कर्करोग, खाणी आणि गिरण्यांतल्या धुळीचे आजार यांची तर यात गणतीच नाही. ज्या देशात ही स्थिती आहे, त्या देशाने डॉक्टर घडवताना नेमका हाच विभाग सोडून द्यावा, याला आकड्यांचा कोणताही आधार नाही.

आता पहिला मुद्दा, मेडिसिनवाले शिकवतातच की. शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण मेडिसिनच्या वॉर्डात विद्यार्थ्याला कोणता रुग्ण दिसतो याचा विचार करा. तिथे हार्ट फेल्युअर, यकृताचे आजार, डेंग्यू, सर्पदंश, विषप्राशन, मधुमेहाच्या गुंतागुंती यांनी खाटा भरलेल्या असतात. छातीचा रुग्ण तिथे पोचतो तो ऑक्सिजन लावूनच. म्हणजे विद्यार्थी आजाराचा शेवटचा अंक पाहतो. चढ चढताना धाप लागते म्हणून येणारा, महिनाभर खोकणारा, रात्री तीनला छातीत घरघर होऊन उठणारा रुग्ण हा छातीच्या ओपीडीतला रुग्ण असतो. त्याला दाखल करायची गरज नसते, म्हणून तो वॉर्डातल्या राउंडला कधी सापडत नाही. आणि विद्यार्थी उद्या गावात दवाखाना उघडेल तेव्हा त्याच्यासमोर हाच रुग्ण सर्वांत आधी येऊन बसणार आहे.

फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीचं, स्पायरोमेट्रीचंच उदाहरण घेतो. पाठ्यपुस्तकात ती अर्ध्या पानात आटोपते. प्रत्यक्षात समोर चुलीपुढे जन्म गेलेली, साठीला आलेली मावशी बसलेली असते. नाकाला चिमटा लावताच ती बावरते. ‘मावशी, पोटभर श्वास घ्या, नळी ओठांत घट्ट धरा, आणि आता एकदम जोरात सोडा. सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका!’ पहिल्या खेपेला ती हळूच फुंकते आणि आलेखाचं टोक बोथट येतं. दुसऱ्या खेपेला मध्येच खोकला येतो, रेघ करवतीसारखी दातेरी होते. तिसऱ्या खेपेला दोन सेकंदांत दम सोडून देते. सहा सेकंद नेटाने सोडलेले आणि एकमेकांशी जुळणारे तीन श्वास मिळेपर्यंत हे चालवावं लागतं. मग साल्ब्युटामॉलचे चार पफ द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं आणि सगळं पुन्हा करायचं. त्यानंतर हाती येतात ते आकडे. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल, औषधानंतरही कमीच राहत असेल, तर वाट कायमची अरुंद झालेली आहे. औषधाने पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर विचार दम्याकडे झुकतो. आणि दमा असूनही चाचणी करतेवेळी त्रास नसेल तर आलेख अगदी निर्दोष येऊ शकतो. त्या रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून घरी पाठवणं ही घोडचूक ठरते.

हे अर्ध्या पानातून कुणाला येत नाही. विद्यार्थ्याने स्वतः नळी हातात घ्यावी लागते, स्वतः फुंकून पाहावं लागतं, चुकलेले आलेख डझनांनी बघावे लागतात. ज्याने ते पाहिलेले नाहीत, तो चुकीच्या फुंकीवरून आलेला छापील अहवाल खरा मानतो. आणि ही चाचणी रोज, दिवसभर, रांग लावून होते ती छातीरोगाच्या विभागात.

हीच मावशी दुसरीही एक गोष्ट शिकवते. सीओपीडी म्हटलं की विडी-सिगारेट ओढणारा पुरुष, हे चित्र आपण पाश्चात्त्य पुस्तकांतून घेतलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने त्या चित्राला धक्का दिला. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्यांच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी, हा हिशोब त्यांनी पुढे ठेवला. कधी विडीला हात न लावलेल्या बाईलाही सीओपीडी होतो. क्षय बरा होऊन दहा वर्षं झालेल्या माणसाची श्वासवाट त्या जुन्या व्रणांमुळे अरुंद होते आणि तोही सीओपीडीसारखाच धापतो. ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारणाऱ्या डॉक्टरला हे दोघेही दिसत नाहीत. ‘स्वयंपाक कशावर करता? किती वर्षं? खोलीला खिडकी आहे का? पूर्वी टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या का?’ हे प्रश्न तोंडात बसावे लागतात, आणि ते बसतात ओपीडीत शिक्षकाच्या शेजारी उभं राहून.

दुसरा मुद्दा क्षयाचा. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आहे, तपासणी मोफत आहे, औषधं मोफत आहेत, नोंदणीची व्यवस्था आहे. या कार्यक्रमाबद्दल मला आदर आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटसारखं यंत्र आज तालुक्याच्या ठिकाणीही थुंकीतला जंतू आणि रिफाम्पिसिनला त्याने केलेला विरोध काही तासांत सांगतं, ही मोठीच मजल आहे. पण कार्यक्रमाचं दार उघडतं ते कुणाला तरी क्षयाची शंका आल्यावर. ती शंका कार्यक्रमाला येत नाही, डॉक्टरला यावी लागते.

न शिकलेली शंका काय करते याचा पुरावा मुंबईतच आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभराच्या आसपास खाजगी डॉक्टरांना क्षयावरच्या औषधांची चिठ्ठी लिहायला सांगितली, तेव्हा ८० वेगवेगळे उपचार निघाले. वीसेक वर्षांनी छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०६ डॉक्टरांपैकी अवघ्या सहा जणांनी योग्य उपचार लिहिला. एकूण ६३ तऱ्हा निघाल्या. याच शहरातून २०१२च्या सुमारास जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर आले, हा योगायोग मानायला मी तयार नाही. दोन अभ्यासांच्या मधल्या काळात राष्ट्रीय कार्यक्रम वाढला, मजबूत झाला. डॉक्टरच्या हातून लिहिला जाणारा उपचार मात्र सुधारला नाही, कारण कार्यक्रम शिक्षणाची जागा घेत नाही.

शिवाय छातीच्या एक्स-रेवरची प्रत्येक सावली क्षयाची नसते. वरच्या भागातली गाठ कर्करोगाची असू शकते. थुंकीत जंतू न सापडताही ‘सुरू तर करून बघू’ म्हणून सहा-सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्लेले कर्करुग्ण देशातल्या प्रत्येक छातीच्या ओपीडीत येतात, आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. याची उलटी चूकही तितकीच घातक. साध्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन दिलं जातं. ते क्षयाच्या जंतूवरही काम करतं, म्हणून रुग्णाला आठवडाभर बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू तेवढ्या अवधीत त्या औषधाला सरावतो. पूर्व विदर्भात तर तिसराच पेच आहे. तिथे हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आहे. रात्रीचा खोकला, छातीत घरघर, रक्तात इओसिनोफिल तीन हजारांवर, असा रुग्ण दम्याचा किंवा क्षयाचा शिक्का घेऊन वर्षानुवर्षं हिंडतो. हत्तीरोगाच्या जंतूमुळे होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलिया लक्षात आला, तर डायइथिलकार्बामाझिनच्या तीन आठवड्यांच्या स्वस्त गोळ्यांनी त्याला उतार पडतो. यातलं एकही कोडं कार्यक्रमाच्या तक्त्यात सुटत नाही.

तिसरा मुद्दा यंत्रांचा, आणि तरुण विद्यार्थ्यांना भुरळ घालणारा. सीटी सगळं दाखवते, संगणक एक्स-रे वाचतो, मग छातीवर बोटं ठोकत बसायचं कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली क्षयाच्या चाळणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचायला मान्यता दिली, हे खरं आहे. पण ती मान्यता १५ वर्षांवरच्या लोकांसाठी आणि क्षयाच्या चाळणीपुरती आहे. कुणाची थुंकी तपासायची एवढं ती सांगते. रुग्णाला काय झालंय, हा प्रश्न त्यानंतरही डॉक्टरपुढे उभाच असतो.

आणि सीटी? फुप्फुसांत जाळी पडण्याचे जे आजार आहेत, त्यांची देशव्यापी नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या एखाद्या पदार्थाची फुप्फुसांना आलेली ॲलर्जी. त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध घरातल्या कूलरशी आढळला, आणि पाठोपाठ पक्ष्यांशी. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून केवढा वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी घोषणा झाल्या. त्याच वेळी शहरातल्या दवाखान्यांत मात्र ‘तुमच्या खिडकीत कबुतरं बसतात का? कूलरचं पाणी कधी बदलता? गादीत पिसं आहेत का?’ हे विचारणारे डॉक्टर थोडेच होते. सीटीवर जाळी दिसते, कबूतर दिसत नाही. कारण सापडून ते दूर झालं नाही, तर औषध कितीही द्या, फुप्फुस आकसतच जातं.

शिवाय जाळीच्या सगळ्या आजारांना एकच औषध देता येत नाही. आयपीएफ नावाच्या आजारात पूर्वी स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन देण्याची पद्धत होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत त्या औषधांमुळे मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. शेजारच्या खाटेवर ॲलर्जीच्या जाळीचा रुग्ण असेल तर त्याला स्टेरॉइडने फायदा होऊ शकतो. दोघांना धाप सारखीच, दोघांच्या पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवला की चुरचुर सारखीच, बोटांची टोकंही कधी कधी दोघांची फुगलेली. फरक कळतो तो इतिहास, सीटी आणि अनुभव एकत्र बसवल्यावर. यंत्र एकट्याने औषध ठरवू लागलं, की चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जातं.

२०२१च्या मे महिन्याची आठवण सगळ्यांना असेल. सीटीचा ‘स्कोअर’ किती आला यावर घराघरांत चर्चा होती. श्वास व्यवस्थित, ऑक्सिजन ९७, तरी स्कोअर आठ आला म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू झालं, अशा चिठ्ठ्या गावोगावी लिहिल्या गेल्या. खरं म्हणजे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२०मध्येच स्पष्ट केलं होतं, की डेक्सामेथासोनने ऑक्सिजन लागणाऱ्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे जीव वाचतात; ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा काही उपयोग दिसत नाही. वर्षभर आधी हाती आलेलं ज्ञान उपयोगाला आणायचं तर ऑक्सिजन कधी कमी पडतो, कुणाला पडतो, किती द्यायचा याची समज पायाशी पक्की असावी लागते. त्याच काळात स्टेरॉइड आणि अनियंत्रित साखर यांच्या जोडीने आलेला म्युकरमायकोसिस महाराष्ट्राने भोगला. त्या दोन वर्षांनंतर या देशात कुणी श्वसनरोगांचा विभाग ऐच्छिक ठरवेल, असं मला वाटलं नव्हतं.

ऑक्सिजनचीच गोष्ट थोडी पुढे नेतो, कारण तो जीव वाचवतो आणि चुकीचा दिला तर घेतोही. सीओपीडीच्या रुग्णाला मोठा झटका आला, की नातेवाईक ‘डॉक्टर, फुल करा’ म्हणतात आणि इंटर्न नळ पूर्ण सोडतो. अशा रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, तो सुस्तावतो, शुद्ध हरपते. म्हणून त्याचा ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा असतो. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवर झालेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिथे बेताने, मोजून दिलेल्या ऑक्सिजनमुळे मृत्यूचं प्रमाण सढळ ऑक्सिजनच्या तुलनेत निम्म्याहून खाली आलं. नळ किती फिरवायचा एवढ्याच निर्णयाने हा फरक पडला. तो निर्णय रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला सर्वांत कनिष्ठ डॉक्टर घेतो, आणि त्या घडीला कोणताही तज्ज्ञ शेजारी नसतो.

इथेच चौथा मुद्दाही निकालात निघतो. तज्ज्ञाकडे पाठवा म्हणणं सोपं आहे. गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, सिंधुदुर्गच्या आडगावातून तज्ज्ञापर्यंत पोचायला रुग्णाचा दिवस आणि मजुरी जाते. शिवाय कुणाला पाठवायचं, हे ओळखायलाही छातीरोग यावाच लागतो. दम्याचे बहुतेक रुग्ण तज्ज्ञापर्यंत कधी पोचत नाहीत आणि पोचायची गरजही नसते, पहिल्या डॉक्टरला दमा येत असेल तर. येत नसेल, तर काय होतं ते आपण रोज पाहतो. एक इंजेक्शन, एक सलाईन, साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि ‘पंपाची सवय लागते, शेवटी घेऊ’ हा सल्ला. चार मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पंपाच्या चाळीस पफांएवढं औषध. ते सगळ्या अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते आणि श्वासनलिकेपर्यंत थोडंच पोचतं. त्यातही साल्ब्युटामॉल फक्त आकुंचन सोडवतं. दम्याच्या मुळाशी असलेली सूज त्याने जात नाही. म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९पासून एकट्या साल्ब्युटामॉलवर दमा चालवू नये, श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड सोबत असलंच पाहिजे, असं सांगितलं. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांत ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

पंप दिला, तरी काम संपत नाही. ‘दादा, तुम्ही पंप कसा घेता ते जरा करून दाखवा’, असं म्हणून बघा. माणूस खिशातून पंप काढतो, झाकण उघडतो, न हलवता तोंडाशी धरतो, दाबतो, आणि औषध जिभेवर बसल्यानंतर श्वास घेतो. दुसरा नाकाने श्वास ओढतो. तिसरा दाबतो आणि लगेच सोडून देतो, दहापर्यंत मोजत श्वास रोखत नाही. चौथ्याच्या पंपातलं औषध महिन्यापूर्वीच संपलेलं असतं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘पंपाने फरक पडत नाही.’ डोस वाढवण्याआधी, दुसरं औषध जोडण्याआधी, रुग्णाला पंप घ्यायला शिकवणं हा उपचार आहे. स्पेसर लावून देणं हा उपचार आहे. तोंडाला स्टेरॉइडचे पांढरे चट्टे पडू नयेत म्हणून चूळ भरायला सांगणं हाही उपचाराचाच भाग. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने हे दहा रुग्णांकडून करवून घेतलेलं नसेल, तर त्याला दम्याचा उपचार येतो असं मी म्हणणार नाही, मग त्याचे गुण कितीही असोत.

आता पाचवा मुद्दा, शिक्षकांच्या टंचाईचा. देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या दहा वर्षांत जवळपास दुप्पट झाली आहे. जिल्ह्या-जिल्ह्यात महाविद्यालय हवं, ही मागणी रास्तच आहे. प्रत्येक ठिकाणी छातीरोगाचा प्राध्यापक लगेच मिळणार नाही, हेही मान्य. पण या अडचणीवर विभागच काढून टाकणं म्हणजे विहिरीला पाणी कमी लागलं म्हणून ती बुजवून टाकण्यासारखं आहे. विभाग नसेल तर तिथे एमडीच्या जागा निघणार नाहीत. एमडी निघाले नाहीत तर उद्याचे शिक्षक कुठून येणार? आज टंचाई आहे म्हणून विभाग काढला, की ती टंचाई कायमची होते. भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून भूलशास्त्राचा विभाग ऐच्छिक करावा, असं कुणी सुचवत नाही, कारण शस्त्रक्रिया थांबेल हे लगेच दिसतं. छातीचा रुग्ण मात्र चुकीच्या औषधावर वर्षभर धापा टाकत जगतो, आणि ते नुकसान कोणत्याही तपासणी अहवालात दिसत नाही.

टंचाईला उत्तरं आहेत. नव्या महाविद्यालयांना विभाग उभा करायला ठरावीक मुदत द्यावी, पण मुदत असावी. पुण्याच्या औंधसारखी, मुंबईच्या शिवडीसारखी छातीची आणि क्षयाची मोठी रुग्णालयं महाराष्ट्रात आहेत. तिथे विद्यार्थ्यांना आळीपाळीने पाठवता येईल. जिल्हा क्षयरोग केंद्रांचं मनुष्यबळ आणि रुग्ण शिकवण्यासाठी वापरता येतील. तोवर मेडिसिनच्या शिक्षकांनाही श्वसनरोगांचं वेगळं, बांधीव प्रशिक्षण देता येईल. यातलं काहीही अशक्य नाही. मात्र नियमावलीतच विभाग नसेल, तर यातली एकही गोष्ट करण्याचं बंधन कुणावर राहत नाही.

म्हणून मागणी नेमकी मांडतो. श्वसनरोगशास्त्राचा विभाग अनिवार्य यादीत परत यावा. एमबीबीएस संपण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने स्पायरोमेट्री केलेली असावी, तिचा आलेख समजावून सांगता यावा, पंप आणि स्पेसर शिकवता यावा, छातीत पाणी झालेल्या रुग्णाचं पाणी काढताना मदत केलेली असावी आणि त्या पाण्यातल्या प्रथिनांवरून व पेशींवरून पुढचा विचार करता यावा. परीक्षेत या गोष्टी रुग्णासमोर तपासल्या जाव्यात, बहुपर्यायी प्रश्नांवर भागवू नये.

आणि विद्यार्थ्यांना माझं सांगणं असं, की नियम बदलेपर्यंत थांबू नका. तुमच्या महाविद्यालयात हा विभाग नसेल तर जवळच्या छातीच्या ओपीडीत जा, परवानगी मागून शिक्षकाशेजारी उभे राहा. धाप लागलेल्या प्रत्येक माणसाला चूल, काम, कबूतर, कूलर आणि जुना टीबी यांबद्दल विचारा. पंप लिहिलात तर तो घेऊन दाखवायला सांगा. तुम्ही पुढे कोणत्याही शाखेत गेलात, तरी श्वास घेता न येणारा माणूस तुमच्या दारात येणारच आहे, आणि त्याच्याकडे दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याएवढा वेळ बहुधा नसेल.